तुळस वाळवणारा पत्रा

मी पत्रा बोलतोय. चिकलठाण्याच्या विमानतळापलीकडं भागूबाईंचं शेत आहे. तिथल्या चाऱ्याच्या छपरावर मी असतो. विमान गेलं की थरथरतो, एरवी माझा रुबाब मोठा. छप्पर बुटकं, हात पोचेल एवढं. त्यामुळं कुरडया, शेवया, मिरच्या, सगळं भागूबाई माझ्यावरच वाळत घालायच्या. इथलं ऊन आणि मी मिळून दोन दिवसांत काहीही कुरकुरीत करून द्यायचो. त्याचा मला फार गर्व होता.

गेल्या साली त्यांनी दहा गुंठ्यांत तुळस लावली. नवऱ्याला, कारभारींना, ते पटलं नव्हतं. "तुळस अंगणात बरी. वावरात मका पाहिजे," ते म्हणाले. पण शहागंजात जडीबुटीचं दुकान चालवणाऱ्या सगीराआपांनी वाळली पानं घ्यायचा शब्द दिला होता.

चैत्रात पहिली कापणी माझ्यावर पसरली आणि दुपारपर्यंत सगळं शिवार घमघमलं. वाटेनं जाणारे थांबून वास घ्यायचे. भागूबाई खूश. मी तर हवेतच.

माल बघायला सगीराआपा शेतावर आल्या. मूठभर पानं तळहातावर चुरली, हुंगली आणि पोतं बाजूला सारलं.

"ह्यात काहीच नाय राहिलं, भागूबाई. नुसता भुसा हाय."

"असं कसं? पार सडकेपर्यंत वास येत होता."

"तोच तर उडून गेला ना. वास म्हंजे पानातलं तेल. पत्रा तापला, तेल गेलं. सावलीत वाळवा, हवा लागू द्या. अजून एक खेप बघते, मग नाय."

"पुढच्या खेपंला जमलं नाय तर नांगर घालतो," कारभारी म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या कापणीआधी भागूबाईंनी बादलीभर चुना कालवला आणि बाजेवर चढून मला पांढराफटक करून टाकलं. खाली, चारी बाजूंनी मोकळ्या छपरात, जुनी मच्छरदाणी ताणून बांधली. तिच्यावर तुळस पातळ पसरली.

आधी मला ते जिवाला लागलं. माझं काम आता नुसतं ऊन अडवायचं. आठ दिवस गेले, तरी जवळ गेल्याशिवाय वास येईना. "वाळतीया का सडतीया?" कारभारी रोज डोकावून विचारायचे. भागूबाईंचं जेवणात लक्ष नव्हतं. माझाही जीव टांगणीला लागला होता.

सगीराआपा आल्या. पानं अजून हिरवी होती. त्यांनी चुरली, हुंगली आणि तळहात कारभारींच्या नाकापुढं धरला. ते पाऊलभर मागं सरले.

"लई तेज हाय," एवढं म्हणून कारभारींनी स्वतःच पोतं उचललं आणि सगीराआपांच्या रिक्षात नेऊन ठेवलं.

तेव्हापासून मी सुखात आहे. खालून कुणी मला नावं ठेवत नाही. आता पुन्हा फाल्गुन लागलाय. पावसाळ्यात माझा चुना निम्मा धुऊन गेलाय. भागूबाई, ऊन वाढायच्या आत एक हात मारा. पुन्हा तापायची मला हौस नाही.