मिठाने खाल्लेला पाय

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळच्या गवतात, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक लोखंडी खांब आडवा पडला आहे. शेळ्या त्याच्यावर पुढचे पाय ठेवून बाभळीचा पाला ओरबाडतात. तो जुना खांब म्हणजे मी. व्हॉलीबॉलचं नेट धरून उभं राहणं हे माझं काम होतं. आज मी तुम्हाला माझी गोष्ट सांगणार आहे, आणि जरा घाईने सांगणार आहे, कारण उद्या सकाळी मैदानावर पुन्हा सामने आहेत.

माझा जन्म धुळ्याचा. हाशमभाईंच्या वेल्डिंगच्या दुकानात एक लांब पाइप आला. त्यांनी तो मधोमध कापला आणि त्याचे आम्ही दोघे झालो, मी आणि माझा जोडीदार. माझ्या अंगावर त्यांनी तार ताणायची चकरी बसवली, त्याच्या अंगावर तार अडकवायचा आकडा. टेम्पोत चढवताना ते ड्रायव्हरला हसत म्हणाले, "जुळे भाऊ आहेत, सांभाळून न्या. एकाला सर्दी झाली की दुसरा शिंकणार."

एरंडोलजवळच्या या गावात आम्हाला सिमेंट ओतून उभं केलं. मधे नेट आलं. सुरुवातीची वर्षं फार आनंदाची होती. संध्याकाळी मुली चकरी फिरवायच्या, तार ताठ व्हायची आणि मी ती सारी ओढ अंगावर घ्यायचो. पाहुणे म्हणायचे, "नेट असावं तर असं." मला अभिमान वाटायचा. पंचांचं उंच स्टूल माझ्याच अंगाला दोरीने बांधत. त्यामुळे प्रत्येक सामना मी पंचांच्या शेजारी उभा राहून पाहिला.

मित्रांनो, आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. वारा सुटला की मैदानाची माती थेट डोळ्यांत जाते. मैदानाची निगा राखणारे तोताराम आबा फार कष्टाळू. त्यांनी मातीत खडे मीठ पसरायला सुरुवात केली. मीठ ओल धरून ठेवतं, म्हणून धूळ उडत नाही. वर रोज पाणी मारायचं. आबांचं मैदान असं बसलं, की दोंडाईचाहून आलेले संघही विचारायचे, "आबा, हाई कसं काय जमाडं?" आबा मिशीत हसायचे.

ते मिठाचं पाणी हळूहळू माझ्या पायाशी साचू लागलं. सिमेंट जिथे संपतं आणि मी सुरू होतो, तिथे एक खोलगट जागा होती. पाणी तिथून जायचंच नाही.

मीठ लोखंडाला कसं खातं, हे तुम्ही विज्ञानात शिकाल. मला ते अंगावर शिकावं लागलं. दुखत नाही. फक्त एक दिवस कळतं, की आपला पाय पूर्वीइतका जाड राहिलेला नाही. माझ्या रंगाला पायाशी फोड आले. दर वर्षी सामन्यांआधी त्या फोडांवर नवा रंग बसायचा. मी वरून चकचकीत होतो आणि आतून पापडासारखा पातळ होत होतो. रात्री वारा आला की पायात कुरकुर व्हायची. समोरून जोडीदाराचीही यायची. आमचं ऐकणारं तिथे कोणी नव्हतं.

मग मुलींच्या आंतरशालेय स्पर्धेचा शेवटचा सामना आला. आपल्या गावच्या मुली विरुद्ध दोंडाईचाच्या. पंच म्हणून जळगावहून सबीहा मॅडम आल्या. दुसरे पंच आलेच नाहीत. माइक रुपचंदभाऊंच्या हातात होता. स्पर्धा त्यांनीच भरवली होती.

"मॅडम, एकट्यांना जमेल ना?" त्यांनी माइकवरूनच विचारलं. "की शिट्टी आम्हीच वाजवू?"

लोक हसले. मॅडम म्हणाल्या, "शिट्टी मी वाजवते. तुम्ही माइक जरा लांब धरा."

त्या बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. नेटची उंची त्यांनी दोन्ही टोकांना आणि मधे मोजली. खिशातून खडू काढून माझ्या चकरीवर एक रेघ ओढली. असं याआधी कोणी केलं नव्हतं. मग त्यांनी दोन्ही कर्णधारांना बोलावलं. आपली कर्णधार होती दिपमाला.

"आज मी एकटी आहे," मॅडम म्हणाल्या. "चेंडू तुम्ही बघाल, मी आधी नेट बघेन. रेषांवर राखीव मुली झेंडे घेऊन उभ्या राहतील, दोन्ही संघांच्या. माझ्याशी बोलायचं ते फक्त तुम्ही दोघींनी. आणि शिट्टी वाजली की चेंडू कुठेही असो, जागच्या जागी थांबायचं."

"शिट्टी चुकीची असली तरी?" दिपमालाने विचारलं.

"तरी. आधी थांबायचं, मग भांडायचं."

दिपमाला हसली.

पहिला सेट आपला, दुसरा त्यांचा. तिसऱ्यात आपल्या मुली चौदा-अकरा पुढे गेल्या. फक्त एक गुण हवा होता. गाव उभं राहिलं. पोरं कुंपणावर चढली. रुपचंदभाऊ माइकवर ओरडत होते, "एकच, पोरींनो, एकच!"

चेंडू जोरात नेटवर आदळला. तार खेचली गेली आणि माझ्या पायात काहीतरी तुटलं. आवाज बारीक होता, वाळकी काडी मोडावी तसा. माझ्या अंगाला बांधलेलं स्टूल थरथरलं. नेट माझ्या बाजूने दोन बोटं खाली आलं. चेंडू अजून खेळात होता. दिपमाला माझ्या अगदी जवळून उडी मारायला धावत होती.

शिट्टी वाजली.

दिपमाला जागच्या जागी थांबली. चेंडू तिच्या पायाशी पडून घरंगळत गेला. सगळं मैदान एकदम ओरडू लागलं.

"मॅडम, खेय कसाले थांबाडा?" रुपचंदभाऊ धावत आले. "नेट ढिलं पडलं, बस्स. ए, चकरी आवळ रे कोणी!"

"चकरीला हात लावू नका." मॅडम स्टुलावरून उतरल्या. त्यांनी खडूची रेघ दाखवली. "रेघ जागेवर आहे. तार सरकलेली नाही. मग नेट ढिलं का पडलं?"

सगळे चकरीकडे वाकून बघू लागले.

"खांब वाकलाय," त्याच म्हणाल्या.

"खांब मजबूत शे, मॅडम! मागल्या हप्त्यात रंग दिला," आबा म्हणाले. त्यांचा आवाज दुखावलेला होता.

मॅडम माझ्या पायाशी गुडघ्यावर बसल्या. नाणेफेकीचं नाणं त्यांच्या खिशातच होतं. त्यांनी त्याची कड माझ्या निळ्या रंगावर टेकवली आणि दाबली. रंगाचा पापुद्रा आत गेला. मागोमाग नाणंही गेलं, आणि माझ्या आत पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"सगळ्यांनी लांब व्हा. मुली आधी."

रुपचंदभाऊंनी आवाज खाली आणला. "मॅडम, एक गुण. एका गुणात काय पडणार शे? बठ्ठं गाव देखी ऱ्हायनं."

"सगळं गाव बघतंय, म्हणूनच," मॅडम म्हणाल्या.

नियम असा, की सामना दुसऱ्या मैदानावर नेला तर अर्धवट राहिलेला सेट पहिल्यापासून खेळायचा. मॅडमनी तो दिपमालाला शांतपणे सांगितला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मॅडम, आम्ही चौदावर होतो."

"मला माहीत आहे, बेटा."

पलीकडच्या शाळेच्या मैदानावर तो सेट खेळला गेला आणि आपल्या मुली हरल्या. लोक मॅडमना नाही नाही ते बोलले. कोणी म्हणालं, एकटी बाई घाबरली. त्या आमच्या मैदानावर परत आल्या, तेव्हा तिथे आबा आणि रुपचंदभाऊच होते. मॅडमनी जोडीदाराच्या पायालाही किल्लीने टोचून पाहिलं. किल्ली आत गेली नाही.

"तरी दोन्ही काढा," त्या म्हणाल्या. "पाणी तेच, मीठ तेच. याचं आज दिसलं, त्याचं उद्या दिसेल."

"हो हो," रुपचंदभाऊ म्हणाले.

मित्रांनो, तो एक गुण मी पेलला असता का, हे मलाही ठाऊक नाही. पुढच्या आठवड्यात मला काढायला दोन माणसं कुदळ घेऊन आली. कुदळ लागली नाही. त्यांनी मला मिठीत धरून हलवलं आणि मी त्यांच्या हातात आलो. आबा बराच वेळ माझा तुटका पाय बघत उभे होते. मग कोणीतरी म्हणालं, "लोखंडच हलकं निंघनं," आणि सगळ्यांना ते पटलं. माझ्या जागी नवा खांब आला. जोडीदाराला नवा रंग आला.

पण आम्ही एकाच पाइपाचे आहोत. हे हाशमभाईंना माहीत आहे, मला माहीत आहे आणि आता तुम्हालाही.

आज दुपारी आबांनी मैदानावर पाणी मारलं. नवीन चकरी कडक आहे, ती दोघांनी मिळून आवळली. पंचांचं स्टूल आता पलीकडे, जोडीदाराच्या अंगाला बांधलं आहे. तिकडे सावली असते म्हणे. उद्याही पंच एकच येणार आहेत. सबीहा मॅडमना या वेळी बोलावलेलं नाही.

मित्रांनो, माझी विनंती एवढीच आहे. उद्या शिट्टी वाजण्याआधी कोणीतरी माझ्या जोडीदाराच्या पायाशी बसा. रंगावर विश्वास ठेवू नका. एक नाणं घ्या आणि जोर लावून दाबा. तुम्हाला हसतील, हसू द्या.

वारा सुटला आहे. गवतात पडल्या पडल्या मला जोडीदाराच्या पायाची कुरकुर इथपर्यंत ऐकू येते.