कड्याखालची भाऊबीज

कुशाबाने शेवटी साखर तोंडात घेतली. पण हे अजून घडलंच नाही असं धरू, कारण दुपारी तीन वाजता माळशेज घाटाच्या वळणावर रामदासचा पाय ब्रेकवर होता आणि पुढच्या पन्नासेक गाड्यांतली माणसं आटलेल्या धबधब्याचे फोटो काढत होती.

शेजारी त्याची आई लंकाबाई मांडीवर ओवाळणीचं ताट धरून बसली होती. कड्यावरच्या आहुप्यातून निघाल्यापासून तिने ते खाली ठेवलं नव्हतं.

"माझ्या भावाचं घर आपल्या कड्याच्या बुडाला," ती म्हणाली. "तीन तासांची पायवाट. अन् तू मला गाडीनं जुन्नरचा वळसा दाखवलास."

"गुडघे कुणाचे गेले, आये?"

"गुडघेच गेले. अक्कल हाये अजून."

भाऊबीजेला लंकाबाईने ओवाळल्याशिवाय तिचा भाऊ कुशाबा घास घेत नसे. एरवी ते खपून जायचं. यंदा त्याला इन्सुलिन लागलं होतं, आणि सकाळची सुई टोचून झाली होती; आता उपाशी राहिला तर साखर उतरणार. रामदासने पुन्हा फोन लावला. मामाचा फोन बंद.

दिवस मावळताना गाडी मामाच्या दारात लागली. दाराला कडी. शेजारची कोंडाबाई बाहेर आली.

"कुशाबा? तो बाराच्या सुमाराला वर गेला की, काखेत लुगडं मारून. बहीण काय आता उतरत न्हाई म्हणला."

लंकाबाईने मान वर केली. वर कडा. कड्यावर तिचं घर.

तेवढ्यात फोन वाजला. रामदासची बायको रुपाली कड्याच्या टोकावरून बोलत होती. घरात रेंज येत नसे, म्हणून ती मामाला घेऊन तिथे आली होती.

"मामा हितं बसल्यात. हात थरथरत्यात, घाम सुटलाय. साखर पुढं केली की दात आवळत्यात."

लंकाबाईने फोन ओढून घेतला. "कुशा, साखर खा."

"आधी ओवाळ," बारीक आवाज आला.

"निरांजन दिसंल का तुला येवढ्या लांबून?"

"न्हाई."

"मग?"

"मग न्हाई."

रामदासने गाडी चालू केली. दिवे मोठे केले. "आये, बस. ताट घट्ट धर."

गाडी कापलेल्या भातखाचरात उतरली आणि गोल फिरू लागली. पहिल्या फेरीला कोंडाबाईच्या कोंबड्या उधळल्या. दुसरीला लंकाबाईने निरांजन पेटवलं, तिसरीला ते विझलं. तिने ताट तसंच फिरवत ठेवलं. पाचवी फेरी संपल्यावर रामदासने ब्रेक दाबला. फोनमध्ये नुसता वारा.

"रुपाली?"

"थांबा."

लंकाबाईचे ओठ हलत होते.

"घेतली," रुपाली म्हणाली. "चघळत्यात. आनखी मागत्यात."

त्या रात्री बहीण भावाच्या घरी झोपली, भाऊ बहिणीच्या. सकाळी तिने रामदासला कागद घ्यायला लावला आणि एकेक शब्द सांगितला.

'मा. कार्यकारी अभियंता साहेब यांस. विषय : कडा. मौजे आहुपे येथील कडा अर्जदार व तिचा धाकटा भाऊ यांच्या मधोमध विनापरवाना उभा आहे. तरी सदर कडा पुढील भाऊबीजेच्या आत, उभयता हयात आहेत तोवर, बाजूस सरकवून मिळावा, ही नम्र विनंती.'