उदाहरण घडलेलंच हवं

आमचे हे इंग्रजी-मराठी शब्दकोश करतात. प्रत्येक शब्दाला एक कार्ड, वर अर्थ, खाली उदाहरण. हे सांगतात आणि मी लिहिते, कारण यांचं अक्षर यांनाच लागत नाही. नियम एकच: उदाहरण घडलेलं हवं, मनाने रचलेलं चालणार नाही.

तीन आठवडे आमची गाडी चार शब्दांपाशी अडली होती. नॅरो-माइंडेड, पॅरोकियल, इन्सुलर, बिगॉटेड. चौघांपुढे 'कोत्या मनाचा' लिहून मोकळे व्हा, असं मी सुचवलं, तर मी चहात मीठ घातल्यासारखं यांनी माझ्याकडे पाहिलं.

मुलीने लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याशी लग्न केलं त्याला दोन वर्षं झाली. आमच्या घराण्यात सगळे मास्तर, त्यामुळे यांनी तिच्या नदीपलीकडच्या घराची पायरी चढायची नाही असं ठरवलं. रविवारी तिने पुन्हा जेवायला बोलावलं होतं. सांगून सांगून मी थकले होते. शेवटी आदल्या दिवशी चारही उदाहरणं मीच लिहून ठेवली.

रविवारी मी आवरून बाहेर आले तर हे कार्डं वाचत होते. 'नदीपलीकडे का कुणी राहतं, असं वडील म्हणाले.' 'लिफ्टवाल्याशी काय बोलायचं, असं वडिलांनी विचारलं.' 'वडिलांनी मुलीची पत्रं न उघडता ठेवली.' आता भडका उडणार म्हणून मी कंबर कसून उभी राहिले.

"पत्रांचं तू पॅरोकियलखाली टाकलंस," हे म्हणाले. "साफ चूक. पॅरोकियल म्हणजे ज्याचं जग आपल्या गल्लीत संपतं. तिथे नदीचं जाईल. पत्रं इन्सुलरखाली घे, तो बाहेरच्यांशी संबंधच ठेवत नाही. लिफ्टवाल्याचं नॅरो-माइंडेडला चालेल."

मी मुकाट्याने कार्डं बदलली. हे इतके खूश झाले की स्वतःच चहा टाकायला निघाले. मग चौथं कार्ड पाहिलं: 'जावयाने बंद लिफ्टमधून बाहेर काढलं, तरी वडिलांनी त्याला ओळख दिली नाही.'

मागच्या वर्षी प्रकाशकाच्या इमारतीत हे घडलं होतं. जावई मला सांगून बसला होता, हे यांना ठाऊक नव्हतं.

"हेही इन्सुलरखाली जाईल," हे हळूच म्हणाले.

"संबंध आला होता की. चांगला अर्धा तास."

समोर काहीही आलं तरी जो मत बदलत नाही तो बिगॉट, हे मला यांनीच शिकवलं होतं. मला यांची फार दया आली.

"बरोबर जागी आहे," हे शेवटी म्हणाले. "थोडं सौम्य करता येईल?"

"रचलेलं चालत नाही ना?"

हे कार्ड ठेवून बूट शोधू लागले.

मुलीकडे दार जावयानेच उघडलं. "त्या दिवशी लिफ्टमध्ये आभार मानायचे राहिले," हे म्हणाले, आणि मुलगी डोळे पुसायला आत पळाली.

घरी परतताना यांना एकच काळजी. बिगॉटेडचं कार्ड आता बाद झालं, दुसरं उदाहरण आणायचं कुठून?

मी म्हटलं, तुमचे थोरले भाऊ आहेत की.