रिकाम्या गाडीतला पाय

मित्रांनो, माझ्या आत चालक नसतो, तरी मी डोंगर चढतो आणि उतरतो. घाबरू नका, मी भूत नाही, एक जुना पिकअप ट्रक आहे. नेब्रास्कातल्या एका शेतावर मी बावीस वर्षं काढली. गवताचे भारे वाहिले, कुंपणाचे खांब वाहिले, एकदा तर बर्फातून आजारी वासरू दवाखान्यात नेलं. तेव्हा सगळे मला शाबासकी देत. मग माझे मालक आर्लो आणि विल्डा थकले. त्यांनी शेत विकलं आणि बसएवढं चाकांवरचं घर घेतलं. मला मात्र विकवेना त्यांना.

आता घर पुढे धावतं आणि मी मागे, लोखंडी दांड्याने जोडलेला. माझी चारही चाकं रस्त्यावर, इंजिन बंद. पहिल्या दिवशी मी थक्क झालो. बावीस वर्षं स्वतःच्या घरघरीत मला वारा कधी ऐकूच आला नव्हता! गवतातून तो कसा जातो ते मी त्या दिवशी ऐकलं.

पण मला वेगळा ब्रेक लावायचा की नाही, यावरून घरात भांडण पेटलं.

"अगं, घर केवढं मोठं आहे. मागे हा आहे हे त्याला कळणारसुद्धा नाही," आर्लो म्हणाला.

"चढताना नाही कळणार. उतरताना अडीच टनांचं धूड पाठीत बसेल, तेव्हा कळेल."

"तुला ना, सगळीकडे शाळेची बसच दिसते."

"तीस वर्षं चालवली ती, एका पोराला खरचटू दिलं नाही. चल, बस ट्रकमध्ये. इंजिन बंदच ठेव आणि ब्रेक दाब."

आर्लोने दाबला. दोनदा पाय सहज खाली गेला. चौथ्या वेळी, इंजिनाची मदत नसल्याने, पायाखालची पट्टी दगडासारखी घट्ट झाली. तो खाली उतरून ब्रेकची चौकशी करायला निघाला.

अशी चाकांवरची घरं मुक्कामाला थांबतात त्या तळावरचे शेजारी खुर्च्या घेऊन सल्ला द्यायला जमलेच. त्यांतला मर्विन म्हणाला, "माझ्यासारखा कायमचा ब्रेक बसवून घ्या राव, पुढच्या गाडीच्या हवेवर चालतो. बसवला की विसरून जा."

"आमच्या घराला हवेचे ब्रेक नाहीत," विल्डा म्हणाली, "आणि मला विसरायचं नाहीये."

शेवटी तिने एक पेटी निवडली. ती चालकाच्या जागेपुढे बसते आणि आपल्या पकडीने ब्रेकची पट्टी धरते. घर जितकं मंदावेल तितकीच दाबते आणि लगेच सोडते. अंग नाही, डोळे नाहीत, नुसता पाय! तिच्यासोबत एक बारीक तार आली. मी सुटलो तर तार माझ्या पुढच्या बाजूला बसवलेली खुंटी उपसणार आणि पेटी पूर्ण जोराने ब्रेक दाबणार. आर्लोने ती तार दांड्यालाच अडकवली, तेव्हा विल्डा कडाडली, "अरे, दांडाच निसटला तर तारही त्याच्याबरोबर जाईल की! घराच्या सांगाड्याला लाव." तेव्हापासून तार तीच लावते, सगळ्यात शेवटी.

बिगहॉर्न डोंगरांच्या घाटापाशी सकाळी आर्लो मला जोडत होता. तेवढ्यात आमच्याच वाटेने निघालेला मर्विन कॉफीचा पेला घेऊन आला आणि मासे कुठे गळाला लागतात ते सांगू लागला. आर्लो रंगला. दांडा घराला अडकवणाऱ्या खिळीला चाप लावायचा राहिला. दांडा सुटलाच तर मला धरून ठेवणाऱ्या साखळ्याही तशाच लोंबत राहिल्या. विल्डाने आपली तार तेवढी लावली.

घाट उतरताना मी भान हरपून बघत होतो. एवढं आकाश मी कधी पाहिलं नव्हतं. एका वळणावर गचका बसला, खिळी उडाली आणि दांडा निसटला. घर वळलं. मी सरळ कड्याकडे निघालो. कड्याखालच्या रस्त्यावर दुरुस्तीमुळे गाड्या थांबल्या होत्या, खिडक्यांतून मुलं डोकावत होती. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो.

तार ताणली गेली. खुंटी उपसली गेली. आणि माझ्या रिकाम्या पोटात त्या पायाने सगळा जोर लावला. चाकं किंचाळली, खडी उडाली. कड्यापासून हातभर अंतरावर मी उभा राहिलो. कोणी चालक नसताना मी थांबलो, मित्रांनो! अजूनही मला ते खरं वाटत नाही.

आर्लो धावत आला. त्याने खाली मुलांकडे पाहिलं, मग दार उघडून पेटीवर हात ठेवला.

"कळलं का आता," विल्डा हळूच म्हणाली, "मागे कोणी आहे ते?"

त्याने वाकून माझ्या लोंबत्या साखळ्या उचलल्या.

मित्रांनो, कोणी गाडी जोडत असेल तर तुमच्या गप्पा थोडा वेळ पोटात ठेवा. आता मर्विनही तेच करतो. दहा पावलांवर कॉफी निववत गप्प उभा राहतो. आर्लो खिळीचा चाप दोनदा ओढून पाहतो, साखळ्या अडकवतो. मग विल्डा वाकून तार लावते, हात पुसते आणि म्हणते, "हं मर्विन, बोला आता."