बारा फुटबॉल आणि एक शोरूम

दुकानाला दुकान म्हटलं की त्याला राग यायचा. ते शोरूम होतं. शोरूम म्हणजे राहत्या घराची पुढची खोली, बारा फूट बाय दहा. भिंतीवरचा ओलीचा डाग झाकायला त्याने धावणाऱ्या माणसाचं पोस्टर चिकटवलं होतं; डाग त्या माणसाच्या डोक्यावरून वर निघाला होता. शहरातल्या एका मोठ्या दुकानात त्याने नऊ वर्षं खेळाच्या बुटांचे खोके फळीवरून खाली काढून दिले होते. गावात परतल्यावर या खोक्यांचं त्याने 'स्पोर्ट्स लाइनचा अनुभव' असं बारसं केलं. गावाने त्याचं नाव ठेवलं शोरूमवाले.

खोली आधी बायकोची होती. खिडकीपाशी तिचं शिलाई मशीन असे; त्यावर ती गावातल्या बायकांचे कपडे शिवायची. शोरूमसाठी ते मागच्या बोळात गेलं. तिथे भरदुपारीही दिवा लावल्याशिवाय सुईत दोरा जात नसे. तिने भांडण केलं नाही, मुदत घातली.

"शाळेच्या सामन्यांनंतर शाळा वर्षभराच्या सामानाची ऑर्डर देते. ती तुम्हाला मिळाली तर खोली तुमची. नाही मिळाली तर मशीन परत पुढे येणार, आणि मग मला स्पोर्ट्स लाइन शिकवायची नाही."

"मिळाली असं समज," तो म्हणाला.

माल त्याने गाव न बघता भरला. आसपास कुठे तलाव नव्हता. त्याने पोहण्याचे चष्मे चार रंगांत आणले. मैदानावर वारा असा की अंगावरचा टॉवेल उडून जावा. त्याने बॅडमिंटनच्या रॅकेट काचेमागे टांगल्या. गावातली माणसं यायची आणि भलतंच काहीतरी मागायची.

"शिट्टी आहे का?"

"कुठल्या कंपनीची?"

"वाजणारी."

असल्या गिऱ्हाइकाला तो हाताने वाट दाखवी. मागाहून बायकोला सांगे, "या लोकांना ब्रँड म्हणजे काय ते कळत नाही." तिच्या ओठांत टाचण्या असत, त्यामुळे उत्तर येत नसे.

शाळेच्या खेळाच्या सरांनी सामन्यांसाठी बारा फुटबॉल मागवले. हे चांगले निघाले तर वर्षाची ऑर्डर इथेच, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. चेंडू हवा काढून, चपटे होऊन आले. शोरूमवाल्याने ते पायरीवर मांडले, म्हणजे रस्त्याला दिसावेत, आणि पंपाची पिन बाहेर काढली. समोर नानांची टपरी होती. नाना चपला शिवत आणि गावातले सगळे चेंडूही; तीस वर्षं.

"अहो शोरूमवाले, पिन ओली करा," नाना तिथूनच म्हणाले. "कोरडी घुसवलीत तर आतला व्हॉल्व्ह फाटतो. जरा थुंकी लावा."

"नाना, ही टपरी नाही. इथे मालावर थुंकत नाहीत."

"मग पाण्यात बुडवा. पाण्याला तरी काही हरकत नाही ना?"

"एक्स्पोर्टचा माल आहे हा!"

"असेल. पण आत रबरच असेल ना?"

त्याने पंप हातात घेतला. कोरडी पिन पिळून-पिळून आत घातली, एकदा नव्हे, बारा वेळा. बाराव्या चेंडूच्या वेळी पिन वाकली, ती त्याने दाताने सरळ केली. पुसायला मात्र विसरला नाही.

शुक्रवारी चेंडू दगडासारखे टणक होते. शनिवारी सकाळी, पाहुण्या शाळांसमोर, पहिल्याच किकला चेंडू दोन हात पुढे जाऊन बसला. दुसरा काढला, तो गोलकीपरच्या हातात उशीसारखा दबला. दुपारपर्यंत पाहुण्यांनी आणलेल्या चेंडूंवर सामने उरकले.

सोमवारी सर पोतं घेऊन आले आणि बाराही चेंडू काउंटरवर ओतले. एकही घरंगळला नाही.

"पोरांना लाथ मारता येत नाही," शोरूमवाला म्हणाला. "बोटाने मारतात. ते आधी शिकवा."

"हे दोन दिवस पोत्यात होते. पोत्यात कोण लाथ मारतंय?"

सर वाईट माणूस नव्हते. आपली नाचक्की होऊनही ते आवाज न चढवता बोलत होते. "हे बघा, ऑर्डर अजून कोणाला दिलेली नाही. नानांकडून व्हॉल्व्ह बदलून घ्या. पुढेही हवा नानाच भरतील, एवढं कबूल करा. ऑर्डर तुमची."

समोर नानांनी हातातली चप्पल खाली ठेवली होती. बोळाच्या तोंडाशी बायको येऊन उभी राहिली, गळ्यात मापाची टेप. त्याने फक्त 'हो' म्हणायचं होतं. नाना नाही म्हणणार नव्हते, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

माणसाच्या घमेंडीला निदान कसलातरी आधार लागतो. याच्यापाशी नऊ वर्षांचे खोके होते.

"चपला शिवणाऱ्याला विचारून मी शोरूम चालवू?" तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असं.

नानांनी चप्पल परत उचलली. सरांनी रिकामं पोतं झटकून त्याची घडी केली, ती काखेत मारली आणि बायकोकडे बघून म्हणाले, "येतो वहिनी."

"ठरलं तर," ती म्हणाली. नवऱ्याला, सरांना नव्हे.

संध्याकाळच्या आत मशीन पुढे आलं. एका बाजूने तिने धरलं, दुसऱ्या बाजूने नानांनी. पोहण्याचे चष्मे, रॅकेट आणि चेंडू तिने बोळात रचले, नीट, खोक्यांत घालून. तिला सामानाचा राग नव्हता. तोवर शोरूमवाला दारात उभा राहून, रस्त्याने जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला, खेड्यात दर्जाची कदर का होत नाही ते समजावत होता. त्या माणसाला घाई होती. तो दोनदा बरं म्हणाला आणि निघाला. मग शोरूमवाल्याने दुसऱ्याला हाक मारली.

"अहो, जरा बाजूला व्हा," बायको आतून म्हणाली. "गिऱ्हाईक आलंय."