तरोट्याची भाजी

चौथ्या पाण्यातही राख निघाली. जयवंताबाईंनी परात तिरपी करून ते करडं पाणी मोरीत सोडलं आणि तरोट्याची पानं पुन्हा नळाखाली धरली. पानं कॉलनीच्या भिंतीपलीकडून, कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्याकडेनं खुडून आणलेली होती. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या जे वर सोडत, ते अखेर असंच कुठंतरी खाली बसत असे. सून प्रेमिला सकाळी पिशवीभर पाला घेऊन आली तेव्हा मोठ्या हौसेत होती. तिचं माहेर नागपुरात, महाल भागात. तरोटा, म्हणजे रानात आपोआप उगवणारा टाकळा, तिनं फक्त ऐकला होता.

भाजी शिजायला लागली तसा तिचा वास स्वयंपाकघरात भरला. उग्र, ओलसर, गोठ्याच्या कोपऱ्यात कुजलेल्या पाल्यासारखा. जयवंताबाईंनी पदर नाकाला लावला. मग सून बघतेय असं वाटून काढला, आणि तोंडानं श्वास घेत त्या कांदा चिरायला बसल्या.

आठ दिवसांपूर्वी लेकानं, वसंतानं, ही गोष्ट काढली होती. त्याचे साहेब पुण्याकडचे. बदली होऊन आले, त्याला सहा महिने झाले असतील. त्यांना म्हणे इकडचं खरं गावाकडचं जेवण जेवायचं होतं. हॉटेलातलं नको, घरचं हवं. वसंतानं त्यांना तरोट्याचं सांगून ठेवलं होतं. जयवंताबाईंनी त्याला वांग्याचं, पाटवडीचं, गोळाभाताचं सुचवून पाहिलं. तो ऐकेना. शेवटी त्या म्हणाल्या,

"मले त्याचा वास नाही सहन होत, वसंता."

"तू खाऊ नको ना माय. तू फक्त करून दे."

त्यानं हे इतक्या सहज म्हटलं, की त्यांना वाटलं, हा विसरला. सात वर्षांचा होता तेव्हा. लेकरं विसरतात, आणि विसरलेलंच बरं.

रविवार होता. साडेबाराला जीप आली. साहेबांनी खुर्ची-टेबल नको म्हणून सांगितलं, म्हणून जेवायचं टेबल भिंतीशी सरकवून सतरंजी घातली होती. साहेबांना पँटमध्ये मांडी घालता येईना. ते एका बाजूला पाय काढून बसले. बाईसाहेबांनी साडी आवरून घेतली आणि घर फार छान ठेवलंय असं दोनदा म्हणाल्या. जयवंताबाई परातीत भाकरी थापत होत्या, तर साहेब कॅमेरा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"आजी, हात थांबवू नका. हातच हवेत मला."

जयवंताबाई पंचेचाळीस वर्षांच्या होत्या. त्यांनी हात थांबवले नाहीत.

वाढलं. भाकर, कढी, ठेचा, कांदा, आणि वाटीतून काढून ताटात मधोमध तरोटा. फोडणीला प्रेमिलानं हात सैल सोडून तेल घातलं होतं, लसूण घातला होता, लाल मिरच्या घातल्या होत्या. भाजी चकचकत होती. जयवंताबाई दाराच्या चौकटीला पाठ लावून उभ्या राहिल्या. साहेबांनी भाकरीचा तुकडा मोडला, त्यात भाजी दाबली आणि डोळे मिटून चावली. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात एक पान चिकटून राहिलं. बोलताना ते पान हलत होतं. जयवंताबाईंना त्यावरून नजर काढता येईना.

"अप्रतिम," साहेब म्हणाले. "वसंतराव, तुम्ही हे रोज खायचे?"

"रोज," वसंता म्हणाला. साहेबांशी बोलताना त्याची भाषा वेगळी व्हायची, शाळेतल्या पुस्तकासारखी. त्यानं सांगायला सुरुवात केली. सावनेरकडचं त्यांचं गाव, त्या दुष्काळाच्या वर्षी कणसात न भरलेली ज्वारी, दूर कुठंतरी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलेले वडील. चुलीभोवती सगळे कसे बसायचे, आईच्या हाताला चव कशी होती, घरात तेल नाही की मीठ नाही, तरी ती भाजी कशी गोड लागायची. त्याला सांगायची हातोटी होती. बाईसाहेबांचा घास हातातच राहिला.

"आमचा धाकटा लहानू तर," वसंता म्हणाला, "या भाजीसाठी रडायचा. माझ्या ताटातली ओढून घ्यायचा. आई म्हणायची, अरे, दादाला राहू दे थोडी."

चौकटीचं लाकूड जयवंताबाईंच्या पाठीत रुतलं. आपण ते पाठीनं दाबतोय हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

"किती गोड," बाईसाहेब म्हणाल्या. "कुठं असतात ते आता?"

"तो गेला. लहानपणीच."

"अरेरे." बाईसाहेबांनी जरा वेळ मान खाली घातली. मग हातातला घास वाया जाऊ नये म्हणून तोंडात घातला, चावला, आणि गिळून झाल्यावर प्रेमिलाला म्हणाल्या, की तेवढी कृती लिहून द्याल का.

जयवंताबाई आत गेल्या. मोरीशी उभं राहून त्यांनी चूळ भरली. काही खाल्लं नव्हतं, तरी जिभेवर ती तुरट, बुळबुळीत चव आली होती. त्यांनी दुसऱ्यांदा चूळ भरली. बाहेरून साहेबांचं हसणं आलं, आणि त्याच्या मागोमाग वसंताचं. पोटच्या पोराच्या हसण्याची अशी शिसारी येऊ शकते हे त्यांना माहीत नव्हतं. हा कुणाला जेवू घालतोय, त्या मनात म्हणाल्या, आणि कोणाच्या मरणावर.

लहानू अडीच वर्षांचा होता. त्याला ती भाजी बघितली तरी उमासा यायचा. तोंड घट्ट मिटायचा. मग त्या त्याचं डोकं मांडीवर घ्यायच्या, दोन बोटांनी नाक दाबायच्या, आणि श्वासासाठी तोंड उघडलं की घास आत सारायच्या. घरात दुसरं काही नव्हतं. शेजारची जिजाबाई म्हणायची, भरव वं, पोटात गेलं तर जगंल. पंधरा दिवस असं भरवलं. सोळाव्या दिवशी त्याला जुलाब-उलट्या सुरू झाल्या.

पाहुणे तीनच्या सुमारास गेले. बाईसाहेबांनी जयवंताबाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि अशी माणसं आता राहिली नाहीत म्हणाल्या. वसंता त्यांना जीपपर्यंत सोडायला गेला. प्रेमिला सतरंजी झटकत होती. साहेब खूश होऊन गेले, आता ह्यांचं काम होणार, असं स्वतःशीच बोलावं तसं बोलत होती.

जयवंताबाईंनी ताटं गोळा केली. साहेबांचं ताट बोटांनी पुसून घेतलेलं. बाईसाहेबांच्या ताटात कांद्याच्या दोन फोडी. वसंताच्या ताटात अर्धी भाकर उरली होती, पालथी. अन्न टाकणारा तो नव्हता. त्यांनी भाकर उचलली. खाली तरोटा होता, सगळाच्या सगळा, वाढला होता तसा, भाकरीखाली नीट दाबून बसवलेला. घासाएवढासुद्धा कमी झालेला नव्हता.

त्या ताट हातात घेऊन उभ्या राहिल्या. वसंता मागच्या दारानं आत आला, त्यानं ताट पाहिलं, आणि तो तिथंच थांबला.

"तुले आठवते," जयवंताबाई म्हणाल्या.

तो उंबऱ्यावर बसला. इस्तरीच्या पँटला राख लागेल याची त्याला फिकीर दिसली नाही. म्हणाला,

"तू पाणी आणाले विहिरीवर गेली होती ना, माय, लहानू गेला त्या दिवशी. तो वकला. मी त्याचं तोंड पुसलं. पुसू पुसू थकलो, तरी येतच होतं. हिरवं. मंग मी माझ्याच सदऱ्यानं पुसलं, आन् तू येशील म्हणून सदरा धुऊन टाकला."

जयवंताबाईंनी ताट खाली ठेवलं. त्या विहिरीवरून आल्या तेव्हा लहानू स्वच्छ होता. तोंड पुसलेलं, डोळे अर्धे मिटलेले. दिवसभर त्यांनी त्याला त्याच मांडीवर घेतलं होतं. जाताना लेकरू शांत गेलं, फार त्रास झाला नाही, ही एकच गोष्ट त्यांनी एवढी वर्षं जवळ ठेवली होती. नवरा धोंडबा खडीच्या कामावरून परत आला तेव्हा त्यालाही त्यांनी हेच सांगितलं होतं. वसंता तेव्हा चुलीजवळ उघडाच बसला होता, आणि सदरा कुठं आहे म्हणून त्या त्याच्यावर ओरडल्या होत्या.

"मंग साहेबाले तसं काहून सांगतलं?"

"ऐकाले बरं वाटते ना लोकायले." तो उंबऱ्याकडं बघत होता. "पहिल्यांदा ऑफिसात असंच सांगतलं. मंग सांगतच गेलो. आता तर मलेही असं वाटते का, तसंच होतं."

प्रेमिला दारात आली. उरलेली भाजी डब्यात काढून ठेवू का, तिनं विचारलं. ती न्यायला उद्या ड्रायव्हरला पाठवते, असं बाईसाहेबांनी सांगितलं होतं. तिनं दोघांकडं पाहिलं आणि ती परत फिरली.

जयवंताबाई खाली बसल्या. मुलाच्या शेजारी नाही, जरा अंतरावर, भिंतीला टेकून. त्याच्याविषयी मघाशी आलेली शिसारी अजून तशीच होती. ती कुठंच गेली नव्हती. फक्त ती आता त्याच्या एकट्याबद्दल राहिली नव्हती.

"उद्या साहेबाले सांगजो," त्या म्हणाल्या.

"काय?"

"लहानूले ते भाजी आवडत नव्हती म्हणून. तो थुकत जाय. त्याची माय त्याचं नाक दाबून भरवे."

वसंतानं मान वर केली नाही. सांगतो, म्हणाला.

आत प्रेमिला कपाटातून स्टीलचा नवा डबा काढत होती. झाकण लागतं का पाहायला तिनं ते दोनदा दाबून पाहिलं. जयवंताबाई ते ऐकत बसल्या, पण उठल्या नाहीत.