सलूनमधून उतरवलेली फळी

मी बोलतेय, ही भिंतीला टेकलेली नक्षीची फळी. अहो, असं निरखून बघू नका, मेल्याहून मेल्यासारखं होतं!

माझा जन्म हुबळीच्या रेल्वे कारखान्यातला. बड्या साहेबाचा सलून, म्हणजे त्याचा खास रेल्वेचा डबा, सजत होता. मखमली खुर्च्या, पितळी दिवे, काय थाट म्हणून सांगू! दर्शनी भिंतीवर मी. दांडेलीच्या सागात पांढऱ्या लाकडाच्या पट्ट्या बसवून पांडुरंग सुतारानं माझ्यावर सूर्य काढला, नव्या विलायती तऱ्हेचा, सरळसोट किरणांचा. "साहेबाला ही आवडली की मी मेस्त्री झालोच," असं तो सोबत्यांना सांगायचा.

खंडेनवमीला कारखाना घरच्या माणसांना खुला असे. पांडुरंगाची बायको कौसल्या ठेवणीतलं इरकल नेसून आली. तिनं नवऱ्याची करवत पुजली, रंधा पुजला, मग डब्यात चढली आणि मला बघून हरखलीच.

"अगबाई! हे ह्यांच्या हातचं? मग हिची पूजा नको?"

ओल्या हळदकुंकवाची बोटं तिनं माझ्यावर टेकवली. पॉलिश अजून कच्चं होतं. कुंकू थेट आत मुरलं.

तेवढ्यात फोरमन शेषगिरी साहेबाला घेऊन आले, मागे पांडुरंग. साहेबाच्या कपाळाला आठ्या.

"यार माडिद्दु इदु? कुणी केलं हे?" शेषगिरी कडाडले. "ही बाई कोण?"

पांडुरंगानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ठाऊक नाही, साहेब. आली असेल कुणी खेड्यातली."

कौसल्यानं पूजेचं ताट उचललं. डब्यातून खाली उतरली. तिचे कान लाल झाले होते. माझ्यापायी त्या बाईची अशी शोभा व्हावी! लाजेनं नुसती चूर झाले मी.

माझ्या जागी आरसा बसला. डागाचा ठपका त्या ‘खेड्यातल्या’ बाईवर गेला, पांडुरंग मेस्त्री झाला. मला मोडीत काढणार होते, पण कौसल्या म्हणाली, "टाकू नका, घरी आणा." तेव्हापासून मी इथं. तो मला भिंतीकडे तोंड करून ठेवतो, ती पुन्हा सरळ करते.

काल शेजारच्या मथुराक्का आल्या. "एवढी देखणी नक्षी कुणाची ग?"

"आमच्या ह्यांची!" कौसल्या ठसक्यात म्हणाली. "असा हात अख्ख्या हुबळीत नाही."

पांडुरंग चहा पीत होता. बशी तशीच ठेवून तो परसात गेला, तो बराच वेळ आत आलाच नाही.

बाबांनो, हात जोडते. मला फोडा, बंबात घाला, पण या दोघांच्या संसारात ठेवू नका.